दुधातुपावाचून गोडधोड



ज्या व्यासपीठावरून देशाचे अर्थकारण, शिक्षण आणि साहित्य ह्यांची चर्चा ऐकावयाची आपणांस सवय आहे, त्याच व्यासपीठावरून आज आम्ही लाडू, पेढे आणि बर्फी ह्यांविषयी बोलणार आहोत. विषयाचे नाव वाचून काहींना हसू आले असेल. परंतु हा विषय वाटतो तितका हलका नाही. परीक्षेचा निकाल लागला की पेढे, बारसे झाले की बर्फी, संक्रांतीला तिळगूळ, चतुर्थीला मोदक. आनंद झाला हे शेजाऱ्याला सांगण्याची आपली भाषाच मुळी गोडाची आहे. अशा वेळी तबक समोर आल्यावर ज्याला हात आखडून “मला नको” म्हणावे लागते, त्याला त्या आनंदात पुरते सामील होता येत नाही. त्या माणसाला पंगतीत सन्मानाने कसे बसवावे, हा आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा “मला नको” म्हणणारा कोण, हे प्रथम पाहू. तो तीन प्रकारचा असतो, आणि ह्या तिघांची गल्लत केली तर घोटाळा होतो. पहिला, ज्याला दूध पचत नाही तो. दुधात दुग्धशर्करा असते. ती पचविणारा पाचकरस तान्हेपणी आपणा सर्वांच्या आतड्यात असतो, पण पुढे पुष्कळांच्या बाबतीत तो कमी होत जातो. अशा माणसाला बासुंदीची वाटी त्रास देते. दही त्यातल्या त्यात सोसते, आणि तूप बहुधा चालते, कारण तुपात ही साखर जवळजवळ उरतच नाही. दुसरा, ज्याला दुधातील प्रथिनांचे वावडे आहे तो. हे विशेषतः लहान मुलांत आढळते, आणि येथे चेष्टेला जागा नाही. तुपात राहिलेला प्रथिनाचा अंशसुद्धा अशा एखाद्या मुलाला बाधू शकतो; त्याच्या बाबतीत वैद्याचा शब्द अखेरचा मानावा. तिसरा, ज्याने विचाराने दूध सोडले आहे तो. प्राण्यापासून आलेले काहीच घ्यावयाचे नाही, दूध, तूप, मधही नाही, असे व्रत घेणाऱ्यांनी 1944 साली इंग्लंडात आपली संस्था काढली आणि स्वतःला ‘व्हीगन’ हे नाव घेतले. वासराच्या वाट्याचे दूध आपण का घ्यावे, आणि दूध न देणाऱ्या नर वासराचे पुढे काय होते, हे त्यांचे प्रश्न आहेत. ते आपणांस पटोत वा न पटोत, आता हे व्रत घेतलेली मुलेमुली आपल्याच घरांतून दिसू लागली आहेत. आजी लाडू घेऊन उभी आहे आणि नातू नको म्हणतो आहे, असा हा प्रसंग आहे. आजीला वाटते, आपल्या हाताला नातवाने नाकारले. नातवाला वाटते, आपल्या विचाराला घरात किंमत नाही. वस्तुतः दोघांचेही म्हणणे तसे नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ह्या दोघांमधील वाट नव्याने शोधावयाची फारशी गरज नाही. तिचा निम्मा भाग आपल्याच परंपरेत तयार आहे. उरलेला भाग तयार करता येतो. मात्र त्यासाठी ‘दुधाऐवजी काय?’ असा प्रश्न न विचारता ‘ह्या पदार्थात दूध कोणते काम करते?’ असा प्रश्न विचारला पाहिजे.

पहिल्या भागाकडे वळू. आपले गोड म्हणजे दूध आणि तूप, अशी आपली एक समजूत झाली आहे. पण ही समजूत शहरातील मिठाईच्या दुकानाने केलेली आहे, आणि त्या दुकानातला खव्याचा आजचा सुकाळ काही फार जुना नाही. चार-पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा मिळतो. जेथे दुधाचीच टंचाई, तेथे खवा रोजचा कोठून असणार? मुंबईला दूध पुरे पडावे म्हणून आरे येथे दूधवसाहत उभारावी लागली, ती 1949 साली. आणि देशभर दुधाचा पूर आणण्याची प्रसिद्ध योजना सुरू झाली 1970 साली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही सामान्य घरातील सणाचे गोड मुख्यतः धान्य, डाळ, तीळ, नारळ आणि गूळ ह्यांवर चालत आले आहे.

कोकणात उतरा. गाईगुरे लहान आणि दुधाला कमी, पण दारी माड उभा. त्या मुलखाने दुधाची उणीव नारळाच्या रसाने भरून काढली, आणि ती अशी, की उणीव होती हे कोणाला आठवतही नाही. तांदळाच्या ताज्या शेवया नारळाच्या गोड रसात घालून खावयाच्या, ते शिरवाळे. मऊ जाळीदार खापरोळी बुडवावयाची ती त्याच रसात. फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून वाफवावयाचे ते सांदण. हळदीच्या पानावर थापून, गूळखोबऱ्याचे सारण भरून उकडावयाच्या त्या पातोळ्या. मालवणच्या जत्रेत मिळणारे खाजे म्हणजे बेसन, गूळ, आले आणि तळणीचे तेल. गोव्यात शिरा, की तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ तासन्‌तास घोटून केलेला दोदोल आहे. चण्याची डाळ, साबूदाणा, गूळ आणि नारळाचा रस ह्यांचे मणगणे आहे. ह्यांतील कशातही मुळात दूध नाही. आणि ज्या मोदकाचा नैवेद्य गणपतीला सर्वांत प्रिय मानतो, तो उकडीचा मोदक म्हणजे तरी काय? तांदळाची पिठी, ओले खोबरे आणि गूळ. उकडीत पडते ते चमचाभर तूप. त्या जागी तेल घातले तरी पारी तितकीच मऊ होते. वरून सोडलेली तुपाची धार ही वाढण्याची रीत आहे, मोदकाचा घटक नव्हे.

घाटावरही तीच गोष्ट. पुरणात डाळ आणि गूळ. पोळी तेलावर लाटून तेलावर भाजण्याची, म्हणजे तेलपोळीची रीत जुनीच आहे. गूळपोळीत तीळ, खसखस, भाजलेले बेसन आणि तेल. तांबड्या भोपळ्याचे घारगे, तिळाची वडी, शेंगदाण्याची चिक्की, पाडव्याच्या साखरेच्या गाठी, बत्तासे, साखरफुटाणे ही यादी आपण घरी गेल्यावर वाढवू शकाल. तेव्हा नातवासाठी काय करू, असा प्रश्न पडलेल्या आजीला आमचे पहिले सांगणे हेच, की बाई, तुम्हांला हे येते आहे. तुमच्या आईने जे केले ते आठवा.

आता दुसरा, अवघड भाग. नातवाला सांदण नको आहे. त्याला बेसनाचा लाडू हवा आहे, श्रीखंड हवे आहे. येथे दुधातुपाची कामे वेगवेगळी करून पाहावी लागतात.

तुपाचे पहिले काम बांधण्याचे. बेसनाचा लाडू वळतो, कारण गरम असताना पातळ असलेले तूप निवल्यावर घट्ट होते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल घट्ट होत नाही, म्हणून नुसते तेल घातलेला लाडू बसतो. खोबरेल घट्ट होते, पण साधारण 24 अंशांच्या खाली. अर्थात दिवाळीच्या थंडीत खोबरेलाचा लाडू उभा राहील आणि वैशाखात त्याचा शिरा होईल. मग उपाय? उपाय आपल्या स्वयंपाकघरात शेकडो वर्षांचा आहे: पाक. रवानारळाचा लाडू आठवा. त्याला बांधतो तो एकतारी पाक, आणि स्निग्धता देते ते ओले खोबरे. बेसनाच्या बाबतीतही जाडसर बेसन थोड्या तेलावर मंद आचेवर खमंग भाजावे, बारीक वाटलेला काजू मिसळावा आणि पाकात लाडू वळावा. बेसनाचा खमंगपणा हा बेसनाचा आणि आचेचा आहे. घाई केली तर तुपातही तो येत नाही.

दुसरे काम पापुद्र्याचे आणि खुसखुशीतपणाचे. करंजीला व शंकरपाळ्याला कडकडीत तेलाचे मोहन चालते. करंजीचा रवा दुधाऐवजी पाण्यात भिजविला तरी काही बिघडत नाही. चिरोट्याचा साटा मात्र घट्ट स्निग्ध पदार्थाचाच लागतो. पातळ तेल पिठात मुरून जाते आणि पदर सुटत नाहीत. तेथे गोठलेले खोबरेल आणि तांदळाची पिठी फेसून घ्यावी.

तिसरे काम सुगंधाचे, आणि येथे निसर्गाने आपणांस थोडी मदत केली आहे. तुपाला जो गोडसर वास येतो, त्यात लॅक्टोन नावाच्या द्रव्यांचा मोठा वाटा आहे; आणि त्याच कुळातील द्रव्ये नारळाच्या वासातही आहेत. नारळाची चव आपल्या जिभेला दुधाच्या जवळची वाटते, त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र नारळ म्हणजे तूप नव्हे. जवळचा नातलग, इतकेच.

आता दुधाकडे येऊ. दुधात स्निग्धांश आहे, तसे प्रथिनही आहे. आणि आंबटपणा लागला की ते प्रथिन एकत्र येऊन दही लागते. नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर, पण प्रथिन थोडे. म्हणून नारळाच्या रसाचे, काही मिसळल्याशिवाय, कवडीदार दही लागत नाही. शेंगदाणा आणि सोयाबीन ह्यांत प्रथिन पुष्कळ, म्हणून त्यांच्या दुधाचे लागते. हा एक भेद ध्यानात ठेवला तर निम्म्या फजित्या टळतील: जेथे दाटपणा व गुळगुळीतपणा हवा तेथे नारळ किंवा काजू, जेथे विरजून घट्ट व्हावयास हवे तेथे शेंगदाणा किंवा सोयाबीन. श्रीखंडासाठी शेंगदाणे भिजवून, सोलून, वाटून, गाळून घेतलेले दूध उकळावे व कोमट असताना विरजावे. विरजणाला हिरव्या मिरचीची देठे वापरण्याची रीत पुष्कळांना ठाऊक आहे. एकदा दही लागले की पुढे त्याचेच विरजण. मग ते फडक्यात बांधून टांगावे आणि चक्का साखरेबरोबर पुरणयंत्रातून काढावा. शेंगदाण्याचा किंचित वास राहतो. केशर, वेलदोडा आणि जायफळ तो बराच झाकतात, आंबा घातला तर तो शोधावाच लागतो.

खव्याची गंमत वेगळी. खवा तांबूस आणि खमंग होतो, कारण आटताना दुधातील साखर व प्रथिने ह्यांची आचेवर एकमेकांशी क्रिया होते. तशीच क्रिया भाजलेल्या काजूत, बदामात, बेसनातही होते. दोन वाट्या काजूची पूड, वाटीला थोडी कमी साखर आणि साखर भिजण्यापुरते पाणी घ्यावे. काजू थंड असतानाच दळावा, नाहीतर त्याला तेल सुटते. एकतारी पाकात पूड घालून गोळा होईपर्यंत घोटले की काजूची वडी होते. हिला दुधाची गरज कधीच नव्हती. त्यातली थोडी पूड आधी मंद भाजून घेतली, की पेढ्याच्या जवळचा रंग आणि स्वाद येतो. गुलाबजामाला उपासाच्या स्वयंपाकाने वाट दाखविली आहे: उकडलेले रताळे, त्यात बांधण्यापुरते शिंगाड्याचे पीठ, मंद आचेवर तेलात तळून पाकात. रताळ्याची स्वतःचीच साखर त्याला रंग देते. खरवस हवा असेल तर नारळाचा दाट रस, गूळ आणि चिनी गवत. चिनी गवत समुद्रातील शेवाळापासून होते. एकदा थिजले की उन्हाळ्यातही विरघळत नाही. नारळाचा रस आटविताना मात्र सावध असावे: पातळ दुसऱ्या रसात पदार्थ शिजवावा आणि दाट पहिला रस शेवटी घालून लगेच उतरवावा, खळखळून उकळला तर तो फुटतो.

आणि जेथे जमत नाही तेथे जमत नाही म्हणावे. बंगाली रसगुल्ला हा छेन्याच्या प्रथिनाचाच चमत्कार आहे. पाकात उकळताना तो स्पंजासारखा फुगतो, आणि नारळाने किंवा काजूने तसे होत नाही. बासुंदीचेही तेच. काजू वाटून नारळाच्या रसात घातला तर उत्तम खीर होते, पण साय धरलेली बासुंदी होत नाही. तिला खीर म्हणून वाढली तर लोक मागून घेतील. बासुंदी म्हणून वाढली तर तोंडे वाकडी करतील. खोट्या नावाने पदार्थ वाढला की चांगला पदार्थही वाया जातो. शेंगदाण्याचे श्रीखंड म्हणावे, रताळ्याचे गुलाबजाम म्हणावे. आपली भाषा ह्या बाबतीत उदार आहे. नारळाच्या दुधाला दूध म्हणताना कोणी नारळाची धार काढली असे आपणांस कधी वाटले नाही.

बाजारातून घेणाऱ्यांसाठी चार शब्द. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे इतकेच सांगतो. आपल्या कायद्याने दूध शाकाहारात बसते. म्हणून दूध टाळणाऱ्याने ठिपक्यावर न थांबता घटकांची यादी वाचावी. व्हीगन पदार्थांसाठी आपल्याकडे 2022 साली वेगळे नियम झाले आणि वेगळी खूणही ठरली. मुलांच्या गोळ्यांत साध्या लिंबाच्या गोळीत बहुधा साखर, आंबट आणि रंग इतकेच असते. पण टॉफीत दूध-लोणी, लवचीक जेलीत पुष्कळदा हाडांचे व कातड्याचे जिलेटीन, आणि चकाकणाऱ्या गोळीवर लाखेच्या किड्यापासून झालेला लेप असू शकतो. सुट्या मिठाईला तर यादीच नसते. तेथे हलवायाला तीन प्रश्न विचारावेत: तळण कशाचे, ताटाला हात कशाचा फिरवला, आणि पाकाची मळी कशाने काढली? कारण पाक उकळताना त्यात दूध घालून मळ वर आणण्याची जुनी चाल आहे, आणि त्यामुळे ज्या पदार्थात दूध असेल असे स्वप्नातही येत नाही त्यात ते येते. आजची साखर स्वच्छ असते; पाक नुसता गाळून घेतला तरी पुरे. वर्खाचेही पाहावे, जुन्या रीतीत चांदी जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटीत असत.

आणखी एक इशारा. दूध नाही म्हणजे पदार्थ आरोग्याला उत्तम, असा अर्थ कोणी घेऊ नये. साखर ती साखरच, आणि खोबरेलही माफकच खावे. वनस्पती तूप हेही वनस्पतीचेच होते. तेल गोठविण्याच्या त्या कृतीत जी अपायकारक ट्रान्स चरबी तयार होते, तिच्यावर आपल्याकडे जानेवारी 2022 पासून शेकडा 2 ची मर्यादा घालावी लागली. आणि ज्याला काजू किंवा शेंगदाण्याचे वावडे आहे त्याला काजूची वडी देऊन आपण एका संकटातून काढून दुसऱ्यात टाकू. वाढण्यापूर्वी विचारणे, हीच खरी आतिथ्याची पहिली पायरी आहे.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? ज्याला नको त्याने खाऊ नये. आणि दुसऱ्या टोकाचा कोणी म्हणेल, दुधाची मिठाई बंदच करा. बंदीचा प्रयोग एकदा झालेला आहे. 1965 साली पश्चिम बंगालात दूध मुलांना पुरत नाही म्हणून मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन ह्यांच्या सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदीचा हुकूम काढला. हेतू वाईट नव्हता. पण बंगाली माणसाच्या पानातील संदेश उचलून घेतल्यावर तो जितका रागावयाचा तितका रागावलाच. सणाचे गोड हुकुमाने सुटत नाही आणि हुकुमाने रुचतही नाही. पानात दुसरे तितकेच चांगले काही आले, तर मात्र माणूस न सांगता ते उचलतो.

नैवेद्याची शंका राहिली. तुपावाचून देवाला चालेल का, असे श्रद्धेने विचारणाऱ्यांची आम्ही थट्टा करणार नाही. गीतेत भगवंताने पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावरही संतोष मानला आहे, हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. आणि प्रसाद ह्या शब्दाचा अर्थच जर सर्वांना वाटावयाचे असा आपण करीत असू, तर त्यातून घरातलेच एक मूल वगळले जाऊ नये, ह्यासाठी एका ताटात तेलाच्या उकडीचे मोदक वेगळे ठेवणे, हे त्या श्रद्धेला धरूनच होईल.

येत्या सणाला आपल्या घरी सगळेच बदला, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना बासुंदी सोसते त्यांनी ती सुखाने खावी. परंतु पाच पदार्थ होतील तेथे एक असा असावा, की जो घरात आलेल्या प्रत्येकाला घेता यावा. आणि तो कोपऱ्यात वेगळा झाकून न ठेवता मधल्या ताटात असावा, म्हणजे तो घेणाऱ्याला आपण वेगळे आहोत असे वाटणार नाही. पुष्कळदा असे होईल, की ते ताट सर्वांत आधी रिकामे होईल, आणि त्याच्यासाठी केले होते त्यालाच उरणार नाही. तेव्हा जरा अधिकच करावे.